संध्याकाळची बाबागाडी

“परजातीची सून माझ्या घरात येणार नाही,” असं सासूने बजावलं, तेव्हा “मग मीही ती पायरी चढणार नाही,” असा शब्द भालचंद्रने कोकिळेला दिला होता. चिखलीतच त्यांनी वेगळं बिऱ्हाड थाटलं. रोज संध्याकाळी तो बाळाला बाबागाडीतून फिरवून आणायचा. उन्हाळ्यात ती मलमलचं झबलं घालून द्यायची, पावसाळ्यात वर मेणकापड टाकायची. हिवाळ्यात एकदा कानटोपी राहिली म्हणून ती मागोमाग धावली, तर बाबागाडी सासूच्या अंगणात उभी. मांडीवरच्या बाळाला सासू स्वतः विणलेला स्वेटर घालत होती. बाह्या लोकर जोडून वाढवलेल्या होत्या. म्हणजे हे वर्षभर चाललं होतं. शिरा खाणारा भालचंद्र दचकला. “अगं, तुलाही घेतील हळूहळू.” कोकिळेने बाळ उचललं. “त्या घरासाठी नव्हती आली जी मी. तुमच्या भरोशावर आली होती.” ती एसटी स्टँडकडे निघाली.