पहिल्या आलेल्या मुलाची सवय

हेमंत किल्लीने दार उघडून घरात आला तेव्हा शर्वरी टेबलापाशी गणितं सोडवत होती. किल्ल्यांचा आवाज ऐकताच तिची मान खाली गेली आणि छडी खायला करतात तसा डावा तळहात पुढे आला.

"हे काय गं?" त्याने विचारलं.

"माहीत नाही, बाबा. सवय बसवल्यापासून होतं असं." ती स्वतःच्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत राहिली. "पूर्वी मी फेऱ्या मारत, गुणगुणत अभ्यास करायचे. आता खुर्चीवरून उठलं तरी धडधडतं."

गेल्या महिन्यात शाळेने दहावीच्या सगळ्या मुलांच्या मेंदूत, राज्यात पहिल्या आलेल्या मुलाची अभ्यासाची सवय उतरवली होती. हेमंतने लेकीवर कधी हात उगारला नव्हता. त्या मुलाला ही सवय कशी लागली असेल, ते त्याला आत्ता कळलं.

तो तडक स्वयंपाकघरात गेला. "शाळेत सांगून काढून टाकू या ती सवय," तो बायकोला म्हणाला.

"परीक्षा महिन्यावर आलीय," वृषाली पोळी लाटता लाटता म्हणाली. "या वेळच्या चाचणीत वर्गात दुसरी आली ती. राहू दे तोवर."

तो बाहेर आला. शर्वरीचं पेन थांबलं होतं. खिडकीतून खाली बघत ती हलकेच गुणगुणत होती, अगदी पूर्वीसारखी.

हेमंत जरा वेळ ऐकत उभा राहिला. मग त्याने खिशात हात घालून किल्ल्या वाजवल्या.

गुणगुणणं थांबलं.