घास

काट्यावर चढण्याआधी ग्रंथपालबाईंनी चपला काढल्या, घड्याळ काढलं आणि सवयीने डोळे मिटून घेतले. या दवाखान्यात आधी वजन, मग दुखणं. मागे दारात बोट चेंगरलं तेव्हाही डॉक्टरांनी बोट बघायच्या आधी वजनच काढलं होतं.

सिस्टरने आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "सर, बघायला या!"

डॉक्टर खुर्चीतून उठून आले. बाईंसाठी ते आजवर कधी उठले नव्हते. काट्यावर वाकले आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली.

"शाब्बास, ताई! याला म्हणतात मनावर घेणं. मी कानीकपाळी ओरडायचो तेव्हा राग यायचा ना माझा?"

"यायचा," बाई म्हणाल्या.

डॉक्टर खूश होऊन हसले. "बसा. आता सांगा, काय केलंत?"

"काही नाही केलं. घास उतरत नाही."

डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. "घरात काही झालंय का? कुणी काही बोललं?"

"तसं नाही हो. घास. भातसुद्धा अडकतो. इथे." बाईंनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

"अडकणारच! जन्मभर भराभर गिळलंत, आता कुठे चावून खायला लागलात, म्हणून जाणवतंय. रात्री नुसतं सूप घेत चला."

"तेच घेते. कधीकधी तेही उलटून येतं."

"बघा! शरीरच नको म्हणतंय. ऐका त्याचं."

आईला असंच झालं होतं आणि आई त्यातच गेली, हे वाक्य बाई घरून घोकून आल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात सिस्टर मोबाइल घेऊन समोर उभी राहिली.

"फोटो काढू? बाहेर लावते. बाकीच्यांना हुरूप येईल."

"काढा, काढा," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी केस सारखे केले. राग आला नाही, रडूही आलं नाही. या खोलीत कुणीतरी आपल्याकडे बघून हसतंय आणि त्याचं आपल्याला बरं वाटतंय, तेवढं त्यांना कळलं. बाकी आत सगळं बधिर होतं. भिंतीकडेच्या तपासणीच्या टेबलावरची चादर सकाळी घातली तशीच, सुरकुती न पडता पसरलेली होती. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

"असंच चालू ठेवा," ते म्हणाले.

नवरा फाटकाशी पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याला आत यायचं होतं. बाईंनीच नको म्हटलं होतं. वजनाचं बोलणं त्याच्यासमोर नको, म्हणून.

"काय म्हणाले?"

"शाब्बास म्हणाले."

त्याला क्षणभर काही उमगेना. मग त्याचे खांदे सैल झाले. त्याने बाटलीचं झाकण उघडून ती बाईंच्या हातात दिली.

"म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही ना?"

बाईंनी घोट घेतला आणि हातानेच त्याला जरा थांब म्हणून खूण केली. पाणी अजून खाली गेलं नव्हतं.