गिरणीवर सोडलेली बातमी

रेणूनं सोमवारी धानाच्या गिरणीवर सोडलेली बातमी मंगळवारीच गोंदियाच्या बसमध्ये परत आली. येताना सोबत एक पटवारी घेऊन आली.

"देवरीकडली विधवा सून व," पुढच्या सीटवरची बाई शेजारणीला सांगत होती. "सासूजवळच राहते. तिले एका पटवाऱ्यानं मागनी घातली. अन् ते हो म्हनून राहिली!"

रेणूनं वही काढली. वहीत तीन रकाने होते: काय सांगितलं, काय गळलं, काय जोडलं गेलं. सांगताना तिनं त्या माणसाला कामधंदा दिलाच नव्हता. तिसऱ्या रकान्यात तिनं लिहिलं, 'पटवारी'.

ही रीत गुलशनभाऊंची. झाडीपट्टीच्या मंडपांसाठी एकतीस नाटकं लिहून झाल्यावर ते आता मोबाइलवर दिसणाऱ्या मालिका लिहीत, आणि रेणू त्यांच्यासोबत. दर रविवारी दोघं एकमेकांना आपापल्या युक्त्या सांगत. रेणू प्रत्येक संवाद उभं राहून मोठ्यानं म्हणून पाहायची. बसून लिहिलेला संवाद नटाच्या तोंडातही बसूनच राहतो, असं तिचं म्हणणं. गुलशनभाऊ शेवट आधी लिहायचे. पण त्यांची खरी युक्ती वेगळीच होती.

"सीन लेखकाले आयकवू नोको," ते म्हणाले होते. "तो एक त तारीफ करते, नाही त जळते. गिरणीवर बातमी म्हनून सोड. चार दिवसांत फिरून येते. जे गळलं ते तुये नखरे. जे जुडलं ते लोकायच्या मनातलं."

या वेळी मात्र रेणूनं त्यांनाही थोडं फसवलं होतं. सहाव्या भागासाठी सोडून पाहते, म्हणाली.

"सहाव्यात त बैलचोर हाय," गुलशनभाऊ चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाले.

देवरीकडं अशी सून नव्हती. सून होती ती बिरसीजवळच्या गावात, यशोदाबाईंच्या घरात. रेणू स्वतः. नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. मागणी घातली होती हेमेंद्रनं. तो त्यांच्या मालिकेचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि दोन गावं सोडून राहायचा. रविवारपर्यंत हो की नाही तेवढं सांग, म्हणाला होता. तिला हो म्हणायचं होतं. पण नवरा गेल्यावर नातेवाईक आपापल्या गावी पांगले, आणि घरात उरल्या त्या दोघीच. आता सासूला एकटी टाकून जायचं आणि ते तिच्या तोंडावर सांगायचं, हा सीन काही केल्या तिला लिहिता येईना. म्हणून गिरणीवर तिनं बातमी सुनेच्या होकारापर्यंतच सांगितली. पुढं सासू काय करते, ते लोकांवर सोडलं.

लोकांनी हयगय केली नाही. बुधवारी पानठेल्यावर सासूनं सुनेचं गाठोडं अंगणात फेकलं. गुरुवारी धान कापणाऱ्या बायांमध्ये तिनं अन्न सोडलं, आणि सुनेला एक पाच वर्षांची पोरगीही झाली. शुक्रवारी बातमी गिरणीवर परतली तेव्हा सासूनं विहिरीत उडी घेतलेली होती.

"वाचली तरी?" रेणूनं भीत भीत विचारलं.

"कायची वाचते!" पोत्याचं तोंड बांधता बांधता बातमी सांगणारी बाई म्हणाली.

रेणूनं वही मिटली. पाच दिवसांत पंधरा जणांच्या मनात डोकावून झालं होतं. पंधरापैकी एकाच्याही मनात सासू हसली नव्हती. गुलशनभाऊंची रीत आजवर चुकली नव्हती, आणि याचाच तिला धसका बसला होता.

शनिवारी संध्याकाळी तिनं मोबाइलवर हेमेंद्रला दोनच शब्द लिहिले, 'नाही जमणार'. पाठवायच्या खुणेवर बोट नेलं, तेवढ्यात यशोदाबाई धानाच्या बांधीतून आल्या. विळा भिंतीला खोचला, पाय धुतले, ओट्यावर टेकल्या.

"काय लिहून राहिली?"

"काही नाही, माय."

"मंग आयक. देवरीकडची बातमी हाय."

रेणूनं मोबाइल उलटा ठेवला.

"एक विधवा सून हाय म्हने. तिले एक मानूस मागून राहिला. सून रातच्याले उभी राहून त्याचं नाव घेऊन बोलून पाहे, ते सासूनं आयकलं. मंग सोताच गेली त्याचं घर पाहाले. नळ दारातच हाय. दारू पेते का म्हनून शेजाऱ्यायले पुसलं. नाही पेत. बोलते कमी. कामावर असला की कानाले हे एवढे डबे लावून बसते."

कानाला डबे लावणारा पटवारी रेणूनं अजून पाहिला नव्हता.

"अन् सासू काय म्हनाली?" तिनं विचारलं.

"सासू म्हने, लगन मायाच दारातून होईल. घर काई दूर नाही, सायकलनं पाव घंटा. हप्त्यातून दोनदा सुनेनं याचं. नाही आली त सासू जाऊन भांडन करनार हाय."

रेणूचा हात आपोआप वहीकडे गेला. तिसऱ्या रकान्यात अजून एक ओळ रिकामी होती. सवय सुटत नव्हती.

"हे कोनं जोडलं, माय?"

"मीनं," यशोदाबाई म्हणाल्या. "बायायनं त सासूले मारूनच टाकलं, बेटा. मले अजून तुया लगनात जेवाचं हाय."