कागदी पट्टी

रविवारी सकाळी अकरा वाजता ओजसने जपानहून आलेलं पार्सल फोडलं. आत अ‍ॅनिमे चित्रांचं जुनं आर्टबुक होतं, त्याच्या संग्रहातलं पहिलंच. ते बघायला आलेली शेजारची मृण्मयी नऊ वर्षं अशी पुस्तकं जमवत होती. हेच पुस्तक तिच्याकडेही होतं, पण मुखपृष्ठाभोवतीच्या मूळ कागदी पट्टीशिवाय. ती पट्टी याला पहिल्याच झटक्यात मिळाली होती, एकही सुरकुती नसलेली.

"ताई, मुखपृष्ठावरच्या मुलीला ही लुंगी कुणी नेसवली?"

पट्टीसकटच प्रत पूर्ण मानतात, हे तिने सांगितलं नाही. "जाहिरात असते रे. फेकून दे."

"तू म्हणतेस म्हणजे झालं!" त्याने पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि तो चहा ठेवायला गेला. मृण्मयीने ती उचलून डायरीत सरकवली.

घरी तिने ती आपल्या पुस्तकाभोवती बसवली. घड्या अचूक जुळल्या.

चार वाजता ओजसचा मेसेज आला: "ताई, संग्राहकांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर सगळे पट्टी कुठाय विचारतायत. अख्खा डबा उपसला, त्यात नाहीये गं. तू पाहिलीस?"

संध्याकाळी सातपर्यंत ओजसला मेसेजखाली दोन निळ्या खुणा दिसत होत्या. उत्तर आलं नव्हतं.