एकचाकीला प्रवेश

अमेरिकेतल्या मोआबच्या लाल कड्यांवरून आम्ही एकचाकी सायकल चालवतो, पण डोंगरउतारावरच्या मोठ्या सायकल स्पर्धेत आम्हाला दरवर्षी नकारच मिळायचा. आयोजक लॉयल म्हणायचा, "अरे, तुम्ही पडताच कुठे? तोल गेला की उडी मारून पायांवर उभे! लोकांनी बघायचं काय?"

तरी माझा जोडीदार कॉर्बिन याने बारा वर्षं अर्ज केले. यंदा होकार आला.

सुरुवातीच्या रेषेवर लॉयल चामड्याचे दोन पट्टे घेऊन आला. "नवा नियम आहे. पाय पेडलला बांधायचे."

"कॉर्बिन, चल, घरी जाऊ," मी म्हटलं.

त्याने लॉयलपुढे पाय केला. "घट्ट आवळ."

मी खाली पाहिलं. शेवटच्या रेषेजवळ एकही कॅमेरा नव्हता. सगळे दरीच्या वळणावर रोखलेले होते.