दक्षिणेची भिंत

“पाणी आतून येतंय की बाहेरून, ते आधी ठरवू,” हेमी म्हणाला. “मग बजेटचं बोलू.”

गुरुदत्तने लॅपटॉप त्या बिल्डरकडे वळवला. न्यूझीलंडमध्ये पोरिरुआतल्या त्याच्या घराला बाहेरून प्लास्टरचं कवच होतं आणि दक्षिणेकडच्या खोलीची भिंत कित्येक हिवाळे ओली राहत होती. एक्सेलमध्ये त्याने दोन रकाने केले होते. पाणी आतून येत असेल तर एक चांगला पंखा, बुरशीचं औषध, रंग, की सुटलो. बाहेरून येत असेल तर सगळं प्लास्टर उतरवायचं, परांची बांधायची, कुजलेलं लाकूड बदलायचं, नव्या फळ्या ठोकायच्या, वर काउन्सिलची परवानगी. दुसऱ्या रकान्याची बेरीज पाहून त्याची बायको अनुराधा चहा गाळायलाच विसरली.

“आतूनच येतंय,” गुरुदत्त म्हणाला. “माझी आई त्या खोलीत ओले कपडे वाळत घालायची.”

“आई इथेच असते?”

“नाही. परत गेली, चार वर्षं झाली.”

“भिंत तर अजून ओली आहे.”

“एकदा बुरशीने धरलं की धरलं.”

हेमीने खांदे उडवले. “स्वीट ॲज, तुम्ही म्हणाल तसं. शनिवारी उघडून बघू.”

आई आली होती दोन हजार चौदाच्या हिवाळ्यात. सोवळ्याची बाई. पूजेचं लुगडं रोज स्वतः धुणार आणि कुणाचा हात लागणार नाही असं वाळवणार. ड्रायरला तिने पहिल्याच दिवशी लांबून नमस्कार केला. “त्यात सगळ्यांचे मोजे फिरतात,” म्हणाली. बाहेर घातलेलं लुगडं वाऱ्याने शेजाऱ्याच्या कुंपणावर नेऊन टाकलं, तेव्हा तिने खोलीतच दोरी बांधली. थोड्याच दिवसांत भिंतीवर काळे ठिपके दिसले आणि गुरुदत्तला गुन्हेगार सापडला. तो नको तितकं बोलला. तिने मुकाट्याने दोरी सोडली आणि गुंडाळून त्याच्या हातात दिली.

ठिपके वाढतच गेले. ही चोरून वाळत घालते, असं त्याने ठरवून टाकलं. आई रोज सकाळी भिंतीवर तळहात फिरवून बघायची, टॉवेलने पुसून काढायची आणि तो कामाला निघाला की दारात येऊन उभी राहायची. “गजाननाची शपथ, गुरू, मी काही नाही वाळत घातलं.” म्हाताऱ्या आईने पोटच्या पोरापुढे शपथा घ्याव्यात! कुणाचंही काळीज हललं असतं. हा गाडीची किल्ली शोधत राहायचा. एकदा किल्ली सापडल्यावर म्हणाला, “मग काय भिंत आपोआप रडते?” व्हिसाची मुदत संपायच्या आतच आई पुण्याला सुनीतीकडे, त्याच्या बहिणीकडे, निघून गेली.

आता खर्चाचा मेळ घालताना त्याने सगळ्यात आधी काय कापलं असेल, तर डिसेंबरची पुण्याची तिकिटं.

“आईंना भेटायचं राहतंच आहे,” अनुराधा म्हणाली. “सुनीतीताई सांगत होत्या, हल्ली फार विसरतात.”

“पुढच्या वर्षी जाऊ. आधी घर.”

अनुराधाने कप उचलले. तिला हे उत्तर पाठ झालं होतं.

शनिवारी दुपारी हेमीने बाहेरून खिडकीखालचा प्लास्टरचा चौकोन कापून काढला. आतलं लाकूड चहात बुडवलेल्या टोस्टसारखं त्याच्या बोटांत सुटून आलं. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत पाण्याचे तपकिरी ओघळ गेले होते.

“खिडकीच्या वर पत्र्याची पट्टीच बसवलेली नाही,” तो म्हणाला. “घर बांधलं तेव्हापासून पाऊस आत जातोय. हे कपड्यांनी होत नाही, मेट.”

दुसरा रकाना खरा ठरला होता. पण गुरुदत्तला त्यातला एकही आकडा आठवेना. त्याला ती गुंडाळलेली दोरी आठवली. चूक कुणा बांधणाऱ्याची, आणि वड्याचं तेल त्याने वांग्यावर काढलं होतं. ते वांगंही कोण, तर जन्मदाती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की हेमीकडे बघवेना.

पुण्यात सकाळ होती, पूजेची वेळ. त्याने तिथेच भिंतीपाशी उभं राहून व्हिडिओ कॉल लावला.

“माणसं ओळखत नाही रे ती आता,” सुनीती म्हणाली. “मलाच विचारते, बाई तुम्ही कोण. तू बोल. पण मनाला लावून घेऊ नकोस.”

आईचा चेहरा पडद्यावर आला. वाळला होता, पण शांत होता. ती त्याच्याकडे बघून पाहुण्याकडे बघावं तसं हसली.

“आई, हे बघ.” त्याने कॅमेरा भिंतीकडे फिरवला आणि कुजलेल्या लाकडावर बोट ठेवलं. “पाणी बाहेरून येत होतं. तुझं काही चुकलं नव्हतं गं. माझंच चुकलं.”

आई फोनच्या अगदी जवळ आली. ती ओली भिंत बघता बघता तिचं हसू मावळलं. तिने पदराचं टोक घेतलं आणि फोनची काच घाईघाईने पुसायला लागली. मग मागे कुणी नाही ना, ते वळून बघितलं.

“दादा, तुम्ही कोण ते मला माहीत नाही,” ती आवाज खाली आणून म्हणाली, “पण भले दिसता. भिंत ओली आहे, हे गुरूला सांगू नका हो. तो उठायच्या आत मी पुसून ठेवते.”