बारडोलीच्या पुढे बंद पडलेली गाडी

बारडोली मागे पडली आणि पिकअपनं मान टाकली. आधी हॉर्न घोगरा झाला, मग इंजिन आचके देऊ लागलं, आणि एका शाळेच्या फाटकासमोर गाडी थांबली ती थांबलीच. गोपालनं सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला, तर तेवढंही नाही.

"आत्ताच मरायचं होतं का हिला!" त्याची बायको रंजना रडकुंडीला आली.

सुरतेत प्लेग आलाय म्हणताच निम्मी वस्ती मिळेल त्या गाडीनं पळाली होती. गोपालनं कापडाचे तागे वाहायची आपली जुनी पिकअप काढली. पुढे रंजना आणि लहानगी सुषमा, मागे गोधड्यांत आई शोभाबाई. काय वाट्टेल ते होवो, पोरीला धडधाकट गावी पारोळ्याला पोचवायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

पण शोभाबाई खोकत होती. जुना दमा, लूमवरची रुई नाकातोंडात जाऊन जडलेला. आता हे कुणाला पटवणार? सुरतेची गाडी आणि आत खोकणारी म्हातारी! लोक ऐकून घेतील होय?

"आई, पदर तोंडात धर, पण खोकू नको."

"मी का हौसेनं खोकतेय रे?"

तेवढ्यात गोपालची नजर पुढच्या वळणावर गेली. दहा-बारा माणसं उभी होती. तोंडाला फडकी, हातात काठ्या. गाडी दिसताच ती ओरडू लागली, काठ्या उंच करून हलवू लागली. वाऱ्यात शब्द कळेनात, पण हाकलायला शब्द कशाला लागतात?

त्यानं घाईघाईनं बॉनेट उघडलं. अँपिअरचा काटा सकाळपासून उणेकडे पडलेला होता, पळायच्या घाईत बघतो कोण! बॅटरी चार्जच होत नव्हती.

"काय व्हयनं भाऊ?"

परक्या मुलखात आपली अहिराणी! गोपालला भरूनच आलं. शाळेच्या फाटकातून एक माणूस चादर लपेटून येत होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. सुकदेव नाव, गाड्यांचं वायरिंग करायचा म्हणे. कुठून आलात, कुठं निघालात, काही विचारलं नाही. सरळ बॉनेटमध्ये डोकं घातलं.

त्याला बघून काठीवाल्यांचा ओरडा दुप्पट झाला. आपल्यापायी हा बिचारा मार खाणार, असं गोपालला वाटलं.

सुकदेवनं इंजिनचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. बॅटरीच्या तारा घासल्या. डॅशबोर्डवर कानबाईच्या फोटोपुढे लाल दिवा मिणमिणत होता. देवाचा दिवा विझू नये म्हणून गोपालनंच तो थेट बॅटरीला जोडलेला.

"हा पीतोय उरलीसुरली," म्हणत सुकदेवनं तार काढली. "पण खरं दुखणं डायनमोत. पान्हा द्या."

पान्हा देताना त्याचा हात गोपालच्या हाताला लागला. चांगलाच गरम होता. पण बॉनेटही तापलेलंच होतं.

डायनमोचा एक कार्बन ब्रश आपल्या खोबणीत अडकून बसला होता. सुकदेवनं तो काढला, पेट्रोलनं पुसला, स्प्रिंग ताणून परत बसवला. मग गाडीतल्या कळशीतून लोटाभर पाणी घटाघटा प्यायला. लोटा पुन्हा कळशीत बुडवून रंजनानं सुषमालाही पाजलं.

मागून शोभाबाईला खोकल्याची उबळ आली. आता हा पळणार! सुकदेव मात्र जागचा हलला नाही.

"आजीला फार त्रास होतोय का?" त्यानं मायेनं विचारलं. "धक्का तुम्हीच मारा, माझ्या अंगात बळ नाही. मी स्टिअरिंग धरतो. ये गं पोरी."

सुषमा त्याच्या मांडीवर बसून हॉर्न दाबू लागली. नवराबायकोनं जीव खाऊन ढकललं. गाडी उताराला लागली, धडधडली आणि सुरू झाली! काटा हळूच अधिककडे सरकला.

गोपाल धावत पुढे गेला. त्याला रडू आवरेना.

"दादा, देवासारखे आलात. हे लोक काठ्या घेऊन आम्हाला हाकलताहेत, आणि तुम्ही..."

इंजिन चालू ठेवून सुकदेव खाली उतरला. सुषमाला त्यानं कडेवर घेतलं आणि तो गाडीच्या मागच्या फळीकडे वळला.

"हाकलताहेत कुठं? आधी तुम्हाला सावध करत होते, या फाटकापाशी थांबू नका म्हणून, आणि आता मला ओरडताहेत, आत जा म्हणून. तापाच्या माणसांना या शाळेतच कोंडलंय ना. चला, आजीला उतरवून घेऊ, माझ्या शेजारची खाट सकाळीच रिकामी झालीय."